निरगाठ आणि सुरगाठ

मराठीत गाठीचे दोन प्रकार दोन वेगळ्या शब्दांनी ओळखले जातात. निरगाठ ओढावी तितकी आवळत जाते आणि शेवटी कापावीच लागते. सुरगाठही पकडते, पण एक टोक ओढले की सुटते. रसायनशास्त्राचे लक्ष दीर्घकाळ निरगाठींकडे होते. कार्बनला कार्बन कसा जोडायचा, नायट्रोजनला ऑक्सिजन कसा, जोडलेले कसे टिकवायचे, या प्रश्नांच्या उत्तरांतून रंग, औषधे आणि प्लॅस्टिक आले. सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री, मराठीत म्हणायचे तर अधिरेण्वीय रसायनशास्त्र, हे सुरगाठींचे शास्त्र आहे. दोन पूर्ण, स्वतंत्र रेणू एकमेकांना कसे ओळखतात, कसे धरतात आणि कसे सोडतात हा त्याचा विषय. हे नाव फ्रान्समधले झां-मारी लेन यांनी १९७८ मध्ये रूढ केले.

या शाखेचे वर्णन बहुतेक ठिकाणी ‘दुबळ्या बंधांचे रसायन’ असे केले जाते. मला ते अपुरे वाटते. बंधाचे दुबळेपण हा स्वतः काही गुण नव्हे. गाठ कधी सुटावी हे ठरवता येणे, हा गुण आहे. रचना घडत असताना गाठ सुटायला हवी, नाहीतर चुकीच्या जागी पडलेली गाठ कायमची तिथेच राहते. रचना वापरात आली की मात्र तिने सुटता कामा नये. एकाच गाठीकडून या दोन्ही गोष्टी मागणे वरकरणी विसंगत आहे. गेल्या साठेक वर्षांत या क्षेत्रात जे टिकाऊ काम झाले, ते या विसंगतीची निरनिराळ्या मार्गांनी केलेली सोडवणूक आहे, असे मी मानतो.

आधी हिशेब

खोलीच्या तापमानाला रेणूंची जी अखंड धडपड चालू असते, तिचे माप दर मोलला सुमारे २.५ किलोज्यूल आहे. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल लागतात, म्हणजे या धडपडीच्या १४० पट. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध २० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे आठ पट. १४० आणि ८ यांच्यातला फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे, कारण बंध तुटण्याची शक्यता या पटीच्या घातांकाने घसरते. आठ पट उंचीच्या अडसरावर धडका बसल्या तर दर तीनेक हजारांतली एक धडक तो ओलांडते. रेणूंच्या जगात सेकंदाला लाखो कोटी धडका बसतात, तेव्हा असा बंध क्षणोक्षणी सुटतो. प्रत्यक्ष पाण्यात तर शेजारचा रेणू जागा घ्यायला टपलेलाच असतो, त्यामुळे तो आणखी लवकर सुटतो. १४० पट उंचीच्या अडसरासाठी हीच शक्यता दशांश चिन्हानंतर साठ शून्ये देऊन लिहावी लागते. ती निरगाठ आहे. उत्प्रेरक किंवा आग आणल्याशिवाय ती सुटत नाही.

समतोलाचा हिशेबही असाच घातांकी आहे. पकडीची मुक्त ऊर्जा ५.७ किलोज्यूलने वाढली की बंधन-स्थिरांक, म्हणजे समतोलात पकड किती घट्ट आहे याचे माप, दहापट होतो. हे ५.७ लक्षात ठेवावे. एखादा हायड्रोजन बंध नीट बसला किंवा हुकला, एखादे कडे थोडे वाकवावे लागले, पाण्याचे दोन-तीन रेणू बाहेर पडले, एवढ्यानेही निवड दहापट किंवा शंभरपट बदलते ती या कारणाने. इथे किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी खरोखर किरकोळ नसतात.

पोकळी आणि तिची पूर्वतयारी

या शाखेची सुरुवात ०.४ टक्के उताऱ्याच्या एका अशुद्धीतून झाली. चार्ल्स पेडरसन अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत काम करत. त्यांचा जन्म १९०४ मध्ये कोरियातल्या बुसान इथला, वडील नॉर्वेजियन, आई जपानी. त्यांनी डॉक्टरेट केलेली नव्हती. व्हॅनेडियम धातूला धरून ठेवणारा एक रेणू त्यांना बनवायचा होता. सुरुवातीच्या द्रव्यात थोडे कॅटेकॉल शिल्लक राहिले होते, आणि अभिक्रियेच्या शेवटी अपेक्षित पदार्थासोबत पांढऱ्या, तंतुमय स्फटिकांची एक चिमूट मिळाली. एवढ्याशा उताऱ्याची वस्तू बहुतेक जण मोरीत ओततात. पेडरसननी ती तपासली. ती मेथॅनॉलमध्ये फारशी विरघळत नव्हती, पण सोडियम हायड्रॉक्साइड टाकताच विरघळू लागली. त्या रेणूत आम्लधर्मी असे काही नव्हते, मग अल्कलीचा हा परिणाम का व्हावा? उलगडा असा झाला की परिणाम अल्कलीचा नव्हताच, तो सोडियमचा होता. रेणू म्हणजे अठरा अणूंचे एक कडे होते, त्यात सहा ऑक्सिजन होते, आणि सोडियम आयन त्या कड्याच्या मध्यभागी जाऊन बसत होता. १९६७ मध्ये पेडरसननी अशा अनेक कड्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांना ‘क्राउन’ म्हणजे मुकुट असे नाव दिले.

अठरा अणूंच्या कड्याची पोकळी २.६ ते ३.२ अँगस्ट्रॉम आहे आणि पोटॅशियम आयनाचा व्यास २.७ ते २.८ अँगस्ट्रॉम. मेथॅनॉलमध्ये हे कडे पोटॅशियमला दहा लाखांच्या घरातल्या बंधन-स्थिरांकाने धरते, आणि सोडियमपेक्षा पोटॅशियमला पन्नासेक पट पसंती देते. इथे एमिल फिशर यांची १८९४ची कुलूप-किल्लीची उपमा आठवते, आणि क्राउन ईथर समजावताना ती हमखास दिली जाते. पण या उपमेत एक गोष्ट झाकली जाते. रिकाम्या क्राउन ईथरचा स्फटिक पाहिला तर त्यात पोकळी सापडतच नाही. कडे चेपलेले असते, कार्बनचे काही तुकडे आत वळून मधली जागा भरून काढतात. आयन आला की कडे उलगडते आणि ऑक्सिजन आत वळतात. म्हणजे किल्ली आल्यावर कुलूप घडते, आणि त्या घडण्याचा खर्च पकडीच्या ऊर्जेतून वजा होतो.

हा खर्च आधीच भरून टाकला तर? लेन यांनी १९६९ मध्ये कड्याला तिसरा पूल जोडून त्रिमितीय पिंजरा केला, त्याला क्रिप्टँड म्हणतात. पोटॅशियमवरची पकड क्राउन ईथरच्या सुमारे दहा हजार पट झाली. कॅलिफोर्नियात डोनल्ड क्रॅम यांनी ही कल्पना टोकाला नेली. त्यांच्या स्फेरँडमध्ये सहा बेन्झीन कडी एकमेकांना अशी जोडली आहेत की सहाही ऑक्सिजनना आत तोंड करून उभे राहण्यावाचून पर्यायच नाही. आयन नसतानाही पोकळी तयार असते. मग क्रॅम यांनी फार नेमकी तुलना केली. तेच सहा ऑक्सिजन, तीच सहा कडी, पण वर्तुळ एका जागी कापून मोकळी माळ केली. अशी माळ हजाराहून अधिक तऱ्हांनी वळू शकते आणि त्यातल्या दोनच तऱ्हा आयनाला सहा बाजूंनी धरू शकतात. लिथियमवरच्या पकडीत स्फेरँड आणि त्याची मोकळी माळ यांच्यात ७० किलोज्यूलहून अधिक फरक निघाला. ५.७ने भागून पाहिले तर बंधन-स्थिरांकातला फरक १० च्या १२व्या घाताइतका, म्हणजे एक लाख कोटी पट. धरणारे अणू दोन्हीकडे सारखेच असताना हा फरक पडला. क्रॅम यांनी याला पूर्वरचनेचे तत्त्व म्हटले. पेडरसन, लेन आणि क्रॅम या तिघांना १९८७चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सुरगाठीचे बळ निरगाठींतून येते, हे या प्रयोगातून स्पष्ट दिसते. सहसंयुज बंधांनी कडी घट्ट बांधायला प्रयोगशाळेत जे श्रम आणि जी ऊर्जा आधी खर्च झाली, तीच नंतर पकडीत व्याजासह परत आली. पण याला किंमत आहे. स्फेरँडमध्ये आयन सावकाश शिरतो आणि त्याहून सावकाश बाहेर पडतो. दार इतके नेमके बसले आहे की ते उघडताना अडते. पकड जितकी घट्ट, तितका सोडण्याला उशीर. आयनांची ने-आण करणाऱ्या वाहकाला म्हणूनच स्फेरँड चालत नाही. त्याला मध्यम पकडीचे आणि चपळ सुटीचे कडे लागते. ‘सर्वांत घट्ट धरणारा रेणू’ हा शोध त्यामुळे अर्धवट प्रश्नाचे उत्तर आहे. पूर्ण प्रश्न किती वेळ धरायचे आणि कुठे सोडायचे, असा आहे.

पाणी बाहेर काढण्याचे बळ

वरचे सगळे मेथॅनॉल, क्लोरोफॉर्म अशा द्रावकांतले. शरीरात, नदीत, शेतात पाणी असते, आणि पाणी स्वतःच हायड्रोजन बंधांचा बाजार आहे. रेणूंना जोडायला ठेवलेले हात पाणी अडवून धरते. तरीही आजवर माहीत असलेल्या सर्वांत घट्ट सुरगाठींपैकी काही पाण्यातच सापडल्या, हे सुरुवातीला कोड्यासारखे वाटते.

कुकुरबिटुरिल हा पदार्थ जर्मनीत बेहरेंड यांनी १९०५ मध्ये बनवला, पण त्याची रचना कळायला १९८१ उजाडावे लागले. तो भोपळ्यासारखा निघाला: पोटात मोठी पोकळी, वर-खाली अरुंद तोंडे आणि तोंडांच्या काठावर ऑक्सिजनची रांग. नावही भोपळ्याच्या वनस्पतिकुळावरून दिले. त्याचे लहान-मोठे भाऊ दक्षिण कोरियात किमून किम यांच्या गटाने २००० मध्ये वेगळे केले. सात घटकांच्या भोपळ्याच्या पोटात पाण्याचे सात-आठ रेणू मावतात. मोकळ्या पाण्यात प्रत्येक रेणूला साडेतीन-चार शेजारी हात देतात. पोकळीच्या आत भिंतीला हात नाहीत, त्यामुळे कोंडलेल्या पाण्याचे हात रिकामे राहतात. आता पोकळीत नेमका बसेल असा तेलकट पाहुणा आला की ते सगळे पाणी बाहेर पडून आपल्या बाजारात परत जाते. पकडीतले बरेचसे बळ या सुटकेतून येते. पाहुण्याला आत ओढण्यापेक्षा पाण्याला बाहेर जाण्याचीच घाई अधिक असते म्हणा. पाहुण्याच्या दोन्ही टोकांना धन प्रभार असेल तर काठावरचे ऑक्सिजनही त्याला धरतात. डायमंटेनच्या हिऱ्यासारख्या सांगाड्याला दोन प्रभारित टोके जोडून २०१४ मध्ये मोजले, तर बंधन-स्थिरांक १० च्या १७व्या घाताच्या पुढे गेला. निसर्गातल्या घट्ट पकडीचे ठरलेले उदाहरण असलेली अ‍ॅव्हिडिन आणि बायोटिन ही जोडी १५व्या घातावर आहे.

एवढ्या घट्टपणाचा रोजच्या व्यवहारात उपयोग मात्र मर्यादित. रुग्णालयात पोचलेली सुरगाठ याहून बरीच सैल आहे. सायक्लोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून मिळणारे ग्लुकोजचे कडे, व्हिलिए यांनी १८९१ मध्ये पाहिलेले. सहा ग्लुकोजचे अल्फा, सातांचे बीटा, आठांचे गॅमा. आकार बूड नसलेल्या पेल्यासारखा, आत तेलकट, बाहेर पाण्याशी सलगी करणारा. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करायला रोक्युरोनियम हे स्टिरॉइडच्या सांगाड्याचे औषध देतात. शस्त्रक्रिया संपली की त्याचा परिणाम उतरवायचा असतो. जुनी पद्धत अशी की मज्जातंतूंचा संदेशवाहक अ‍ॅसिटिलकोलीन वाढवायचा आणि त्याने औषधाला ग्राहीवरून ढकलून लावायचे. याचे दुष्परिणाम हृदयापासून लाळेपर्यंत पसरतात, कारण अ‍ॅसिटिलकोलीन सगळीकडे काम करते. स्कॉटलंडमधल्या ऑर्गॅनॉनच्या प्रयोगशाळेत वेगळा विचार झाला: औषधाशी झगडण्याऐवजी त्याला रक्तातच पेल्यात भरले तर? गॅमा पेल्याची खोली कमी पडत होती, म्हणून त्याच्या काठाला आठ हात जोडले आणि प्रत्येक हाताच्या टोकाला ऋण प्रभार ठेवला. हात एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे तोंड उघडे राहते, आणि रोक्युरोनियमच्या धन प्रभाराला ते धरून ठेवतात. हे सुगमाडेक्स. बंधन-स्थिरांक कोटीच्या घरातला. रक्तातले मोकळे औषध पेल्यात गेले की स्नायूंपाशी असलेले औषध आपोआप रक्ताकडे वाहते, आणि भरलेला पेला मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कोणत्याही ग्राहीला हात न लावता, निव्वळ पाहुण्याला घरात घेऊन काम करणारे हे औषध मला या शाखेतले सर्वांत सुंदर उपयोजन वाटते. त्याचे यश कोटीच्या स्थिरांकात आहे, १७व्या घातात नाही. शरीरातून बाहेर पडेपर्यंत टिकली एवढी पकड पुरे झाली.

चूक दुरुस्त करता येणे

एक पाहुणा आणि एक यजमान यांच्यापुरते हे झाले. पदार्थ घडवायचा तर कोटी कोटी रेणू एका शिस्तीत बसवावे लागतात, आणि तिथे सुटण्याचे महत्त्व वेगळ्या रीतीने कळते.

साखळीच्या दोन कड्यांसारखे दोन रेणू एकमेकांत अडकवायचे, असा एक जुना प्रश्न होता. १९६० मध्ये वासरमन यांनी तो नशिबावर सोडला: एका कड्याच्या द्रावणात दुसरी माळ बंद होऊ दिली, म्हणजे कधीतरी ती चुकून आरपार गेलेली असताना बंद होईल. उतारा एक टक्क्याहूनही कमी आला. १९८३ मध्ये स्ट्रासबूर्गमध्ये झां-पिएर सोवाज यांनी मध्ये तांब्याचा आयन ठेवला. तांबे दोन वक्र रेणूंना काटकोनात, एकमेकांत गुंतलेल्या स्थितीत धरून ठेवते. मग टोके जोडून कडी बंद केली आणि सायनाइडने तांबे काढून घेतले. उतारा ४२ टक्के. स्लॅब टाकताना सेंट्रिंग जे काम करते ते इथे तांब्याने केले: ओले असेतो आकार सांभाळला आणि सुकल्यावर निघून गेले. कडी अडकली ती कोणत्याही बंधाने नव्हे, केवळ आकाराने, आणि एखादा सहसंयुज बंध तोडल्याखेरीज ती वेगळी होत नाहीत. सोवाज, स्टॉडार्ट आणि फेरिंगा यांना २०१६चे नोबेल मिळाले ते रेणूंची हलती-फिरती यंत्रे घडवल्याबद्दल. यंत्रांची चर्चा भरपूर झालेली आहे, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

स्फटिकात ही गोष्ट अधिक व्यापक होते. स्फटिक वाढताना चुकीच्या जागी बसलेला रेणू सुटून पुन्हा द्रावणात जातो आणि नीट बसलेला टिकतो. लाखो थर शिस्तीत बसतात ते यामुळेच. गौतम देशीराजू यांनी हैदराबादेत या दृष्टीने सेंद्रिय स्फटिकांचा अभ्यास केला. कोणता गट कोणत्या गटाशी कोणत्या कोनात हातमिळवणी करतो, हे नमुने ओळखून स्फटिकाची आखणी करता येते, अशी त्यांची मांडणी होती. १९८९चे त्यांचे स्फटिक-अभियांत्रिकीवरचे पुस्तक आणि १९९५ मध्ये मांडलेली ‘सुप्रामॉलिक्युलर सिंथॉन’ ही संकल्पना जगभर वापरली जाते.

सुटण्याची हीच मुभा अनपेक्षित वेळी मिळाली तर काय होते, ते एचआयव्हीवरच्या रिटोनाविर या औषधात दिसले. १९९६ मध्ये ते कॅप्सूलच्या रूपात बाजारात आले. १९९८ मध्ये काही कॅप्सूल नीट विरघळेनात. तपासात रेणू तोच, पण स्फटिक वेगळा निघाला. नव्या मांडणीत हायड्रोजन बंध अधिक समाधानाने जुळले होते, म्हणून ती अधिक स्थिर होती आणि म्हणूनच कमी विरघळत होती. नव्या स्फटिकाचे कण एकदा कारखान्यात पोचल्यावर जुना स्फटिक तयार होईना. कॅप्सूल मागे घेऊन औषधाची मांडणी नव्याने करावी लागली. रेणूंना सुटण्याची मुभा असेल तर ते उतारावरच्या पाण्यासारखे अधिक खोल जागा शोधतात, आपण ठरवलेल्या खाचेतच थांबतील याची खात्री नसते.

बहुवारिकांत म्हणजे पॉलिमरमध्ये हाच गुण कामी आणला गेला. नेदरलँड्समध्ये आयंधोव्हनच्या मायर गटाने १९९७ मध्ये लहान रेणूंच्या दोन्ही टोकांना चार-चार हायड्रोजन बंधांची एक जुडी लावली. एकेकटा बंध क्षणात सुटतो, पण चार ओळीने असले तर एक सुटेपर्यंत बाकीचे तीन धरून असतात. क्लोरोफॉर्ममध्ये या जुडीचा बंधन-स्थिरांक काही कोटी आहे आणि एकेक जोड सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास टिकतो. लहान रेणू असे टोकाला टोक लावून पॉलिमरसारखे वागू लागले. तापवले की पातळ, निवले की चिवट. पॅरिसमध्ये लुडविक लाइबलर यांच्या गटाने २००८ मध्ये वनस्पतिजन्य मेदाम्ले आणि युरिया यांपासून असे रबर केले की कापून दोन तुकडे पुन्हा दाबून धरले तर खोलीच्या तापमानालाच ते सांधतात. कापलेल्या पृष्ठावर एकटे पडलेले हात समोरचा जोडीदार शोधतात. तुकडे बराच वेळ वेगळे ठेवले तर हे हात शेजाऱ्यांशीच जुळून जातात आणि सांधा कच्चा राहतो. पण सांधण्याची ही शक्ती आणि सतत भाराखाली हळूहळू ढळण्याची सवय एकाच मुळातून येतात. सुरगाठींवरच उभ्या असलेल्या पदार्थाला ही सवय पूर्ण सोडता आलेली नाही.

गाठ आवळण्याची वेळ

सच्छिद्र चौकटींच्या संशोधनात ही ओढाताण सर्वांत उघडपणे दिसते, आणि तिथेच तिच्यावर नेमका उपाय सापडला. ऑस्ट्रेलियात रिचर्ड रॉबसन यांनी १९८९च्या सुमारास तांब्याचे आयन आणि चार हातांचे सेंद्रिय रेणू जोडून हिऱ्यासारख्या जाळ्या बांधल्या. जपानमध्ये सुसुमू कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा जाळीत वायू आत-बाहेर करून दाखवला. १९९९ मध्ये ओमर याघी यांनी एमओएफ-५ ही धातू-सेंद्रिय चौकट तयार केली: जस्ताचे पुंजके हे कोपरे, आणि टेरेफ्थॅलिक आम्ल, जे पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांतही असते, त्याच्या दांड्या. एका ग्रॅमचे आतले पृष्ठफळ २,९०० चौरस मीटर भरले. या तिघांना २०२५चे नोबेल मिळाले.

एमओएफ-५ रिकामी करून ३०० अंशांपर्यंत तापवली तरी टिकते, पण दमट हवेत मोडू लागते. जस्त-ऑक्सिजनचा बंध सहज जुळतो आणि सुटतो, म्हणून तर एवढा नेटका स्फटिक वाढला. पाण्याचा रेणू नेमकी हीच सोय वापरून आत घुसतो. मग २००८ मध्ये ऑस्लोच्या विद्यापीठातून यूआयओ-६६ आली. तिच्यात झिर्कोनियमच्या प्रत्येक पुंजक्यातून बारा दांड्या निघतात आणि झिर्कोनियम ऑक्सिजनला फार घट्ट धरतो. पाण्याला ती दाद देत नाही. पण पकड इतकी घट्ट की वाढताना चुका सुटेनात, स्फटिक बारीक आणि गचाळ येऊ लागले. यावरचा उपाय साधा आणि बुद्धिमान आहे: द्रावणात बेन्झॉइक किंवा अ‍ॅसेटिक आम्ल जादा घालायचे. हे एका हाताचे आम्ल दांडीच्या जागी तात्पुरते बसते, दांड्यांशी स्पर्धा करते, जोडणीची घाई थोपवते आणि चुकीची दांडी निघायला वाट करून देते. निरगाठीला काही काळ सुरगाठीसारखे वागायला लावणारे हे मॉड्युलेटर.

धातू वगळून फक्त सेंद्रिय, सहसंयुज बंधांची चौकट बांधणे याहून अवघड. सहसंयुज बंध ही निरगाठ, तेव्हा स्फटिक मिळायचा कसा? याघी यांच्या गटाने २००५ मध्ये बोरॉनचा असा बंध निवडला की जो पाणी काढले की जुळतो आणि पाणी दिले की सुटतो. अशा सहसंयुज सेंद्रिय चौकटीचे, म्हणजे सीओएफचे, पहिले स्फटिक मिळाले, आणि त्याच कारणाने पाण्यात ते मोडून गेले.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये या कोंडीतून वाट काढली. तीन अ‍ॅल्डिहाइड गट असलेला फ्लोरोग्लुसिनॉल आणि दोन अमाइन गटांची पॅराफिनिलिनडायअमाइन ही द्रव्ये त्यांनी घेतली. पहिल्या पायरीत अ‍ॅल्डिहाइड आणि अमाइन यांच्यात इमाइन बंध जुळतो. तो उलटू शकतो, चुकला तर सुटतो, त्यामुळे चौकट शिस्तीत वाढते. दुसऱ्या पायरीत शेजारच्या हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन नायट्रोजनकडे सरकतो, ऑक्सिजन कीटो रूपात जातो, आणि सुटायला इमाइन उरतच नाही. हे सरकणे परत फिरत नाही. अणूंच्या जागा दुसऱ्या पायरीत जवळजवळ हलत नाहीत, म्हणून पहिल्या पायरीत कमावलेली शिस्त मोडत नाही. चौकट ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात आणि उकळत्या पाण्यात टिकली. तिचे मिथिल गट लावलेले भावंड ९ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्येही टिकले. सुरगाठ मारून सगळे जागेवर आल्याची खात्री करायची आणि मगच ती निरगाठ करायची. पेडरसनच्या कड्यापासून सुरू झालेली विसंगती इथे काळात विभागून सुटली. पहिला काळ सुटण्याचा, दुसरा टिकण्याचा.

तरी एक अडचण उरली. जी चौकट विरघळत नाही आणि वितळत नाही, तिला आकार कसा द्यायचा? भुकटी कितीही सच्छिद्र असली तरी गाळणी किंवा पडदा करायला भुकटी चालत नाही. याच गटाने २०१७ मध्ये कुंभाराकडून धडा घेतला. डायअमाइन आणि पॅराटोल्युईन सल्फोनिक आम्ल यांचे मीठ करायचे, त्यात अ‍ॅल्डिहाइड आणि थोडे पाणी घालून मातीसारखे मळायचे, हवा तो आकार द्यायचा आणि भाजायचे. काही सेकंदांत स्फटिक तयार होतात, आणि पृष्ठफळ ग्रॅमला ३,००० चौरस मीटरपर्यंत गेले. घाईने भाजूनही शिस्त कशी आली, याचे उत्तर त्या मिठात आहे. आम्ल आणि अमाइन हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात. अमाइन त्या पकडीतून एकेक करून सुटतो आणि अ‍ॅल्डिहाइडकडे जातो, एकदम झुंबड उडत नाही. हे हायड्रोजन बंध फार आखूड असले तर अमाइन सुटत नाही, फार लांब असले तर लगेच सुटतो, आणि दोन्ही वेळा चौकट गचाळ येते. भाजून झाल्यावर गरम पाण्याने आम्ल धुऊन काढतात. ते बाहेर पडले की मागे मोकळी छिद्रे उरतात.